गाळलेली पदे परत आणायची तर आधी साक्या-दिंड्या आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या संगीत नाटकाचा नवा प्रयोग उभा राहतोय म्हटले की पहिली चर्चा आकड्यावर येते. मूळ पदे (नाटकातली गाणी) किती, ठेवली किती, गाळली किती. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त शंभरावर पदे आहेत आणि आजच्या रंगावृत्तीत (प्रयोगासाठी बेतलेल्या संहितेत) त्यांतली वीस-पंचवीस उरतात. मग एखादी संस्था हौसेने ‘गाळलेली पदे परत घेऊन’ प्रयोग करते, कौतुक होते आणि पाच-सहा प्रयोगांत ती पदे पुन्हा गळतात. दोष प्रेक्षकांच्या सहनशक्तीला दिला जातो. आमच्या मते दोष निवडीचा आहे. परत आणली जातात ती बहुधा मैफिलीत शोभणारी मोठी पदे. नाटकाला गरज असते ती दोन ओळींच्या साकीची आणि चार चरणांच्या दिंडीची, म्हणजे गाऊन म्हणायच्या छोट्या वृत्तांची.

या गोंधळाचे मूळ ‘पद’ या शब्दाच्या बदललेल्या अर्थात आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त पदांची संख्या दोनशेच्या घरात जाते. आजच्या मापाने दर पदाला पाच मिनिटे धरली तर नुसते गाणेच सोळा-सतरा तास चालेल. नाटके रात्रभर चालत हे खरे, पण इतकी नाही. त्या दोनशेंतला मोठा वाटा साकी, दिंडी, कामदा, आर्या, ओवी, श्लोक यांचा आहे, आणि ते प्रकार म्हणजे सुरात म्हटलेले संवाद. पात्र बोलता बोलता सुरात जाते आणि अर्ध्या मिनिटात परत बोलू लागते. पुढे १९११ मध्ये ‘मानापमान’ आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले तेव्हा पदांची संख्या उतरली आणि एकेका पदाचा विस्तार वाढला. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या चालींत रागाला पसरायला जागा होती आणि पसरवणारे गळेही होते. १९३३ ची ‘आंधळ्यांची शाळा’ आणि १९४२ ची ‘कुलवधू’ येईपर्यंत गाणी बोटांवर मोजण्याइतकी राहिली. आज आपण किर्लोस्कर-देवलांची नाटके ‘स्वयंवरा’च्या कानाने ऐकतो आणि ‘कुलवधू’च्या घड्याळाने मोजतो. दोन्हींच्या कात्रीत पहिल्यांदा सापडते ती साकी, कारण तिच्यावर टाळी येत नाही.

साकी गेली की काय जाते, हे ‘सौभद्रा’त सहज दिसते. त्या नाटकाची सगळी गंमत कुणाला काय माहीत आहे आणि काय नाही यावर उभी आहे. बलरामाने सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे, अर्जुन त्रिदंडी संन्याशाच्या वेषात द्वारकेत शिरला आहे, आणि कृष्णाला सगळे ठाऊक असून तो कुणाला पत्ता लागू देत नाही. ही माहितीची देवाणघेवाण बऱ्याच ठिकाणी छोट्या वृत्तांतून होते. ती कापली की मोठी पदे आपापल्या जागी सुरेख वाजतात, पण एका पदापासून दुसऱ्यापर्यंत जायला पायऱ्या राहत नाहीत. मग दिग्दर्शक सूत्रधाराच्या तोंडी गद्य निवेदन घालतो. अण्णासाहेबांनी तीस सेकंदांत गाऊन सांगितलेली गोष्ट सांगायला निवेदकाला दीड मिनिट लागते. वेळ वाचवायला कापले आणि वेळ वाढला, असा हा हिशेब.

देवलांच्या ‘शारदे’त उलट बाजू दिसते. ‘म्हातारा इतुका न’ किंवा ‘श्रीमंत पतीची राणी’ ही पदे घरोघरी पोचली ती त्यांतल्या गायकीमुळे नव्हे. त्यांत थट्टा आहे, टोमणा आहे, एका मुलीला चिडवणे आहे. पद संपल्यावर समोरच्या पात्राला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. देवलांच्या नाटकातली गाळलेली पदे तपासताना हीच कसोटी लावावी: पदाच्या पाठोपाठ येणारे वाक्य पदाला उत्तर देते का? देत असेल तर पद परत यायलाच हवे, नाहीतर ते उत्तर अधांतरी लोंबकळते. पद ऐकून एखाद्या पात्राला नवे काही कळते का, हा दुसरा प्रश्न. आणि तिसरा अगदी रंगमंचावरच्या कामाचा: पद चालू असताना मागे काही घडत होते का? रंगवलेल्या पडद्यांच्या काळात पुढच्या पडद्यावर एक पात्र गात असे आणि मागे राजवाड्याचे उपवन होई. ते पद गेले म्हणून आज तिथे अंधार करून सामान हलवावे लागते आणि प्रेक्षक मोबाइल काढतात. अशा जागी पद परत आले तर प्रयोगाची लांबी वाढतच नाही. अंधाराचे मिनिट गाण्याने भरते, इतकेच.

आता घड्याळ. नाट्यगृहाच्या एका सत्रातून नेपथ्य लावणे-उतरवणे आणि मध्यंतर वजा केले की प्रत्यक्ष प्रयोगाला अडीच तास, म्हणजे १५० मिनिटे हाती येतात. पंचवीस पदे सरासरी चार मिनिटांची धरली तर १०० मिनिटे गाण्यात गेली, बोलायला पन्नास राहिली. यात आणखी बारा साक्या-दिंड्या घालायच्या. साकीची ओळ २८ मात्रांची, सोळाव्या मात्रेवर यती (थांबण्याची जागा). आठ मात्रांच्या केरवा तालाच्या चार आवर्तनांत, म्हणजे ३२ मात्रांत, ती बसते आणि शेवटच्या चार मात्रा श्वासाला मिळतात. मध्यम लयीत एका ओळीला बारा ते पंधरा सेकंद पुरतात. दोन ओळी, त्यांतली एक दोनदा, असे धरले तर पाऊण मिनिट. दिंडीच्या चरणात १९ मात्रा, नवव्या मात्रेवर यती, चाल दादरा तालाच्या अंगाची. चार चरणांना जवळपास तेवढाच वेळ. बारा गुणिले पाऊण मिनिट म्हणजे नऊ मिनिटे. ही नऊ मिनिटे काढायला एकही मोठे पद गाळावे लागत नाही. आठ-आठ मिनिटे चालणारी सहा पदे साडेसहा मिनिटांवर आणली की झाले. प्रत्येकातून दीड मिनिट, म्हणजे तानांची एक फेरी आणि मुखड्याच्या (पदाच्या पहिल्या ओळीच्या) दोन-तीन आवृत्त्या. वन्समोअर आला तर पूर्ण पद पुन्हा न घेता अंतऱ्यापासून (पुढच्या कडव्यापासून) घ्यावे, हे गायक नटाशी तालमीतच ठरवून ठेवावे; प्रयोगाच्या रात्री ठरवायला गेलात तर कोण ऐकणार!

साकी-दिंडी स्वस्त पडते याचे आणखी एक कारण आहे. तिला संगीतकार लागत नाही. या वृत्तांना म्हणण्याची स्वतःची रीत आहे आणि कीर्तनकाराकडून ती आजही अर्ध्या तासात शिकता येते. मोठ्या पदांचे तसे नाही. छापील संहितेत पदावर राग-ताल असतो, किंवा नुसते ‘चाल : अमुक’ म्हणून एखाद्या गाण्याचे पहिले दोन शब्द असतात. लिहिणाऱ्याला वाटले, हे गाणे सगळ्यांना पाठच आहे. त्या काळी होतेही: कानडी पद, लावणी, कीर्तनातली चाल, पारशी रंगभूमीवरचे गाणे, नाहीतर ठुमरी. आज ते मूळ गाणेच कुणाला येत नाही, त्यामुळे शीर्षकावरून चाल निघत नाही. अशा वेळी त्याच पुस्तकात ‘चाल : सदर’ किंवा तीच चाल दिलेले दुसरे पद शोधावे. त्याची चाल परंपरेत जिवंत असेल तर गाळलेल्या पदाच्या मात्रा त्यावर मोजून बसवता येतात. मात्रा जुळल्या आणि यती जुळली नाही तर शब्द मधोमध तुटतो. मग चाल ओढून शब्द तोडण्यापेक्षा मुखड्याची सम (तालाची पहिली मात्रा) एक-दोन मात्रा पुढे सरकवावी. हेही जमले नाही तर नवी चाल करावी आणि नवी आहे असे कार्यक्रमपत्रिकेत छापावे. नव्या चालीला जुनी म्हणून खपवण्याची गरज नाही. परंपरेला ती नवीन नाही: ‘मानापमाना’तली ‘चंद्रिका ही जणू’, ‘शूरा मी वंदिले’ यांसारखी पदे आज बहुतेकांच्या कानात मास्टर दीनानाथांच्या चालीतली आहेत.

पूर्ण पद न गळता अंतरा गळणे, हा प्रकार तर कुणाच्या खिजगणतीत नसतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास वेळ मावत असे. गायकाने त्यात अस्थाई (पदाचा सुरुवातीचा भाग), एक अंतरा आणि चार ताना बसवल्या. दुसरा, तिसरा अंतरा तबकडीबाहेर राहिला. पुढच्या दोन पिढ्या पद तबकडीवरून शिकल्या, आणि रंगमंचावरही पद तबकडीएवढेच झाले. संहिता उघडून पाहिली तर कित्येक पदांत पात्राचा विचार दुसऱ्या अंतऱ्यात वळतो: आधी तक्रार, मग निश्चय. नटी तक्रारीवरच तान घेऊन थांबते आणि पुढच्या गद्यात एकदम निश्चयाने बोलू लागते. अशा पदात राहिलेला अंतरा परत आणणे हे सगळ्यात सोपे काम. चाल तयार, ताल तयार, शब्द छापलेले. वेळ दीड मिनिट, तोही त्याच पदाच्या तानांतून काढता येतो.

तबकडीवरून चाल घेताना एक फसगत हमखास होते. त्यावर ७८ फेरे लिहिलेले असले तरी जुनी ध्वनिमुद्रणे नेमक्या त्याच गतीने झालेली नसत. ७४ फेऱ्यांवर घेतलेली तबकडी ७८ वर वाजवली तर आवाज जवळजवळ एक पट्टी (अर्धा स्वर) चढतो. ७२ वर घेतलेली असेल तर एका पट्टीहून जास्त. गळा चढा आणि लय जलद ऐकू येते आणि शिकणारा तीच मूळ समजून बसतो. तबकडीतला षड्ज (सा) दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल तर गतीबद्दल शंका घ्यावी. पण तो पुरावा मानू नये, कारण जुन्या ऑर्गनची सुरावट आजच्या वाद्याशी जुळतेच असे नाही. त्याच गायकाची त्याच सुमाराची दोन-तीन मुद्रणे एकापाठोपाठ ऐकली की अंदाज पक्का होतो. आणि लय ठरवायची तर शब्दांवरून ठरवावी. जोडाक्षरे तोंडात नीट फिरत नसतील तर लय जास्त आहे, मग तबकडी काहीही सांगो.

खरी अडचण येते ती दोन पात्रांनी वाटून गायच्या पदांत. गाळलेल्या पदांत ही संख्येने बरीच आहेत आणि ती गळण्याचे एक कारण निव्वळ पट्टीचे आहे. स्त्रीभूमिका पुरुष करत होते तोवर नायक-नायिकेचा षड्ज एक असू शकत होता. आता नायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गातो आणि नायिका काळी चारमध्ये, म्हणजे नायकाचा पंचम हा नायिकेचा षड्ज. पद एकाकडून दुसऱ्याकडे जाताना षड्ज बदलावा लागतो. दोघांना काळी तीनमध्ये आणण्याची तडजोड केली तर नायक वर ओरडतो आणि नायिकेचा खर्ज ऐकूच जात नाही. षड्ज बदलू द्यावा, हेच बरे. ऑर्गनवाल्याने पहिल्या पात्राच्या शेवटच्या ओळीच्या समेवर पंचम धरून ठेवावा. तोच नव्या पात्राचा षड्ज होतो आणि तिला वेगळा सूर द्यावा लागत नाही. उलट येताना नायिकेचा मध्यम धरावा. दोन मात्रांत काम होते. तालमीत याची घाई करू नये, कारण पहिल्या आठ दिवसांत नटीचा षड्ज हमखास मधेच कुठेतरी लागतो.

तबल्याचा प्रश्न मात्र रागावर अवलंबून आहे. काळी एकमध्ये लावलेला तबला नायिकेच्या काळी चारला शुद्ध मध्यम देतो. भीमपलास, बागेश्री, खमाज अशा रागांत मध्यम हवाहवासाच असतो, तिथे एकाच तबल्यावर निभावून जाते. भूपात मध्यम नाही, यमनात तीव्र मध्यम आहे. तिथे दर ठोक्याला शुद्ध मध्यम कानावर आदळतो आणि नटी बेसुर गातेय असे प्रेक्षकाला वाटते. बिचारी बरोबर गात असते. म्हणून दोन तबले लावून ठेवावेत: सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा काळी एकला आणि सहा इंची काळी चारला. पद सुरू होण्याआधी दोन्ही समोर हवेत. पदाच्या मधे हातोडी काढणाऱ्या तबलजीची नाटकाला गरज नाही.

परत आणलेली पदे पडण्याचे आणखी एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही. पद गाळताना त्या वेळच्या कुणीतरी त्याचा मतलब दोन गद्य वाक्यांत करून तिथे टाकलेला असतो. पद परत आले, पण ती वाक्ये राहिली, म्हणजे पात्र एकच गोष्ट दोनदा सांगते: आधी बोलून, मग गाऊन. प्रेक्षक म्हणतो, पद कंटाळवाणे होते. कंटाळवाणे पद नव्हते, त्याआधीचे वाक्य होते. म्हणून पदाच्या मागची-पुढची अर्धी-अर्धी पाने जुन्या छापील आवृत्तीशी ओळीनओळ ताडून पाहावीत, आणि जुन्या आवृत्तीत नसलेले गद्य काढून टाकावे. जुन्या मंडळींच्या नकला हाती लागल्या तर फार उपयोग होतो. नकलेत त्या एका नटाचीच वाक्ये आणि आधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द असतात, त्यामुळे पद नेमके कोणत्या शब्दावर उचलले जाई हे कळते. प्रॉम्प्टरच्या प्रतीत पेन्सिलीच्या फुल्या सापडतात. पण प्रॉम्प्टरची प्रत एकाच प्रयोगाची असू शकते. गाणारा नट त्या दिवशी आजारी होता म्हणूनही फुली पडलेली असते. दोन स्वतंत्र प्रतींत तीच काट दिसल्याखेरीज तिला परंपरा म्हणू नये.

‘मूळ’ या शब्दाबद्दलही सावध राहिलेले बरे. पहिल्या प्रयोगात जे होते ते मूळ, असा नियम लावला तर ‘शाकुंतला’चे शेवटचे तीन अंकच बाद होतील, कारण ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाले ते पहिले चार. ‘सौभद्र’ही १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पहिल्या तीन अंकांचेच झाले. ‘एकच प्याला’ची पदे तर गडकऱ्यांची नाहीतच, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत, तिथे नाटककाराच्या हेतूची शपथ घालून पद परत आणता येत नाही. ते पद नायिका सिंधूला त्या क्षणी बोलण्यापेक्षा जास्त काही देते का, एवढेच पाहावे लागते. काही ठिकाणी देते, काही ठिकाणी गडकऱ्यांचे गद्यच इतके गाते की पदाने त्याची धार जाते. तिथे गाळलेले गाळलेलेच राहू द्यावे. नायिकेच्या एकाच दुःखावर लागोपाठ आलेली तीन पदे, राजाच्या स्तुतीची लांबण, शृंगारातली ठराविक उपमांची माळ यांनाही हाच न्याय. सगळेच परत हवे असेल तर ‘शाकुंतल’ दोन संध्याकाळी करावे, पहिले चार अंक एका दिवशी आणि उरलेले तीन दुसऱ्या दिवशी. नाटकाच्या जन्मकथेला ते धरूनही होईल.

उलट दिसायला पुनरुक्ती आणि प्रत्यक्षात नाटकाचा कणा, अशीही उदाहरणे आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये ‘घेई छंद’ दोन वेगळ्या गायकींत येते. तेच शब्द दोनदा कशाला, म्हणून एक उडवले तर दोन घराण्यांचा झगडाच उडाला.

नांदीचा, म्हणजे नाटकाच्या आरंभी म्हणायच्या स्तवनाचा, वेगळा उल्लेख करायला हवा, कारण सगळ्यात जास्त वेळा गाळले जाणारे पद तेच असावे आणि ते गाळले जाते आहे हे कुणाला जाणवतही नाही. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही ‘शाकुंतला’ची नांदी. ती आता कोणत्याही संगीत नाटकाच्या आधी, संमेलनाच्या आधी, नाट्यगृहाच्या उद्घाटनालाही म्हणतात. तिचा मान आहेच. पण ती सुरू झाली की नाटककाराने आपल्या नाटकासाठी लिहिलेली नांदी मागे पडते, आणि जुन्या नांद्यांत पुढच्या कथानकाची चाहूल श्लेषाने दिलेली असते. नांदी दोन मिनिटांची, सगळ्या संचाने म्हणायची, चालीला सोपी. गाळलेली पदे परत आणायला हीच पहिली जागा धरली तर काही बिघडत नाही. ‘पंचतुंड’ पडद्याआड म्हणावे आणि नाटकाची स्वतःची नांदी पडदा उघडल्यावर.

अमेरिकेत हे काम कसे झाले त्यातली एकच गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे ‘शो बोट’ १९२७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला आले. त्याआधी वॉशिंग्टनमध्ये ते चार तासांवर चालत होते म्हणून गाणी कापली गेली. १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या सिकॉकस इथल्या गोदामात जुनी हस्तलिखिते पेट्यांत सापडली आणि १९८८ मध्ये जॉन मॅकग्लिन या वाद्यवृंद-संचालकाने मूळ वाद्यवृंदरचनेसह तीन सीडींचे ध्वनिमुद्रण केले. कापलेल्या गाण्यांपैकी बरीच त्यात परिशिष्ट म्हणून शेवटी दिली आहेत, नाटकाच्या ओघात कोंबलेली नाहीत. त्यांच्याकडे प्रत्येक वाद्याचा कागद होता; आपल्याकडे बहुतेक कारभार कानाचा आणि आठवणीचा. त्यामुळे परिशिष्टाची गरज आपल्याला जास्त आहे. प्रयोगात न बसणारी पदे त्याच संचाकडून, ऑर्गन-तबल्यावर, ताना न घेता एकदा मुद्रित करून ठेवायला दोन दिवस पुरतात. पुण्याचे भरत नाट्य मंदिर, गोव्याची कला अकादमी, आकाशवाणी यांपैकी कुणीही अशा मुद्रणांना जागा दिली तर चाल शोधण्याची वणवण पुढच्या मंडळींना करावी लागणार नाही.

परवानग्यांचे थोडक्यात. नाटककाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी, त्या वर्षाच्या अखेरीस, स्वामित्वहक्क संपतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी केव्हाच मोकळे झाले. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांची मुदत २००८ अखेर संपली. गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०१५ अखेर खुल्या झाल्या. नाटककार दारव्हेकर व कानेटकर आणि संगीतकार अभिषेकीबुवा यांच्या कामांवर मात्र अजून काही दशके हक्क आहे. तिथे पद गाळायलाही आणि गाळलेले परत घ्यायलाही वारसांची लेखी संमती घ्यावी. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या सेन्सॉरकडे) गेलेली संहिता आणि प्रत्यक्ष प्रयोग जुळायला हवा. हाताशी असलेली प्रमाणित प्रत कापलेली असेल तर परत घेतलेल्या पदांसह नवी प्रत सादर करावी, मग पद १८८२ चे का असेना. उघड्या मंचावर, देवळाच्या पटांगणात प्रयोग असेल तर रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद होणार हे धरूनच पदसूची करावी. गोव्यातल्या जत्रांत आणि कोकणात हे दरवर्षी घडते, आणि कात्री नेमकी शेवटच्या अंकावर पडते, जिथे सगळी गाठ सुटायची असते. अशा प्रयोगासाठी पहिल्या अंकातून दहा मिनिटे काढलेली वेगळी रंगावृत्ती आधीच तयार ठेवावी.

राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेकडे आमची एक मागणी आहे. प्रवेशिकेबरोबर संस्थेने पदसूची द्यावी: कोणती आवृत्ती वापरली, मूळ पदे किती, ठेवली कोणती, परत आणलेली कोणती, आणि प्रत्येकाची चाल पारंपरिक, मुद्रणावरून घेतलेली की नवी. एक पान पुरते. परीक्षकांना ते प्रयोगाआधी मिळाले तर साकी म्हणणाऱ्या नटाला गुण देताना त्याने तान घेतली नाही ही उणीव धरली जाणार नाही. हेच पान कार्यक्रमपत्रिकेच्या मागे छापता येते.

आणि प्रॉम्प्टरच्या प्रतीत यापुढे पद कापाल तेव्हा फुलीशेजारी तारीख, गाव आणि कारण पेन्सिलीनेच, पण वाचता येईल असे लिहा. ‘वेळ कमी’, ‘घसा’, ‘पट्टी जमत नाही’, ‘पडदा अडकला’, जे असेल ते.

आपला,
संगीत नाटकाचा एक साथीदार
सांगली